आकार बदलणारे इंटरफेस : आराखडा आणि नमुना बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आकार बदलणारा इंटरफेस म्हणजे नेमकं काय? घडीचा फोन त्यात धरायचा का?

वस्तूचा भौतिक आकार हेच जिथे माहिती देण्याचं किंवा घेण्याचं साधन असतं, तो आकार बदलणारा इंटरफेस. टेबलातून वर येणाऱ्या पिना, फुगून उठणारं बटण, वाकून लक्ष वेधणारी पट्टी, मऊची कडक होणारी उशी ही सगळी त्याची उदाहरणं. घडीचा फोन माणूस उघडतो, फोन स्वतः उघडत नाही. काही अभ्यासक तोही यात धरतात, इथे धरलेला नाही, कारण या कामातली खरी मेहनत वस्तूला स्वतःहून हलवण्यात आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. जपानमधल्या 'फीलेक्स'मध्ये ६×६ अशा ३६ सळया लवचीक पडद्याला खालून ढकलत. 'ल्युमेन'मध्ये १३×१३ ठिपके तापल्यावर आखडणाऱ्या नायटिनॉल तारेने वर-खाली होत. एमआयटी मीडिया लॅबचा २०१३ चा 'इनफॉर्म' खूप पाहिला गेला. त्यात ३०×३० म्हणजे ९०० पिना आहेत आणि प्रत्येक पिन १०० मिमीपर्यंत उठते.

२. हे सगळं स्क्रीनवर दाखवता येतं. मग एवढा खटाटोप कशाला?

बहुतेक वेळा खरंच गरज नसते. आकार बदलण्याला अर्थ येतो तो तीन ठिकाणी: डोळे दुसरीकडे गुंतलेले असताना हाताला कळायला हवं तेव्हा, एकाच वस्तूला वेगवेगळ्या वेळी वेगळी पकड हवी असते तेव्हा, आणि त्रिमितीय माहिती अनेकांना एकदम, वेगवेगळ्या बाजूंनी पाहायची असते तेव्हा. लँकेस्टर विद्यापीठाचा २०१५ चा 'इमर्ज' हा १०×१० सळ्यांचा स्तंभालेख तिसऱ्या प्रकारात बसतो, कारण तिथे सळी ओढून किंवा दाबूनच आकडेवारी चाळता येते. तुमची कल्पना या तिन्हींत बसत नसेल तर आधी एक दिवा आणि एक कंपन-मोटर लावून पाहा. तेवढ्याने भागलं, तर बरंच काम वाचलं.

३. 'आकार बदलतो' म्हणजे काय काय बदलू शकतं?

रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेली आठ प्रकारांची विभागणी अजूनही उपयोगी पडते: वस्तूचा रोख, रूप, आकारमान, पोत, घट्ट-पातळपणा, भागांमधलं अंतर, भागांची भर किंवा वजाबाकी, आणि आरपार जाऊ देण्याची क्षमता. कागदावर हे आठ शब्द लिहा आणि एकच निरोप, समजा 'काम पूर्ण झालं', आठही प्रकारांनी कसा सांगाल ते रेखाटा. नवखा माणूस जवळजवळ नेहमी 'रूप' किंवा 'आकारमान' निवडतो. पोत आणि घट्टपणा हे हाताला चटकन कळतात आणि बनवायलाही बहुधा सोपे असतात, तरी ते विसरले जातात.

४. सुरुवात कोणत्या मोटरने करू?

मोटरने करूच नका. पहिला नमुना पुठ्ठा, दोरा, सिरिंज आणि टेबलाखाली लपलेला एक माणूस एवढ्यात होतो. वस्तू 'स्वतःहून' हलते असं समोरच्याला वाटलं की पुरे.

पाण्याची जोडसिरिंज हे यातलं उत्तम साधन आहे. १० मिलीच्या दोन सिरिंज ४० ते ५० सेमी नळीने जोडा, पाणी भरताना बुडबुडे पूर्ण काढा. इकडे दट्ट्या जेवढा दाबाल तेवढा तिकडचा सरकतो. हवा भरली तर ती आधी दबते, मग सरकते, आणि हालचाल झटक्याने होते. पलीकडे कमी व्यासाची सिरिंज लावली तर अंतर वाढतं आणि जोर त्याच प्रमाणात घटतो.

या टप्प्यावर चार आकडे लिहून काढा: किती मिलिमीटर हलायला हवं, किती ग्रॅमचा जोर लागतो (स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबून मोजता येतो), किती सेकंदांत, आणि परत यायला किती वेळ चालेल. चौथा आकडा लोक लिहीत नाहीत आणि पुढे बहुतेक नमुने तिथेच अडकतात. पुढे नेणारी यंत्रणा सहसा पहिल्या आठवड्यात जमते. मूळ जागी परत आणणारी यंत्रणा बराच घाम काढते.

५. मग सर्व्हो, नायटिनॉल, हवा यांतलं काय निवडायचं?

वरचे चार आकडे हातात असले की निवड अवघड नाही. १० ते ३० मिमी हालचाल, अर्ध्या सेकंदाच्या आत, नेमक्या जागी थांबायला हवं: सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर (प्रश्न ६). माणसाने ढकललेलंही कळायला हवं: मोटर असलेला स्लायडर (प्रश्न ९). ५-१० मिमी हालचाल, अजिबात आवाज नको, परत यायला दोन-तीन सेकंद चालतील: नायटिनॉल तार (प्रश्न १०). मऊ, फुगीर, हाताला जिवंत वाटणारं काही: हवा (प्रश्न १२). हलायला नको, फक्त मऊचं कडक व्हायला हवं: जॅमिंग (प्रश्न १५).

काही किलोव्होल्टवर चालणारे विद्युत-रबर (विजेने आकार बदलणारं रबर) छायाचित्रांत मोहक दिसतात, पण माणसाने हात लावायच्या पहिल्या नमुन्यात ते घालू नका.

६. सर्व्होने पिन सरळ वर-खाली कशी करायची? ती तिरकी होऊन अडकते.

साधा मार्ग रॅक-पिनियनचा, म्हणजे दातेरी पट्टी (रॅक) आणि तिला सरकवणारं दातेरी चाक (पिनियन). मॉड्यूल (दात्यांचं माप) १, २० दात्यांचं पिनियन घेतलं तर त्याचा पिच-व्यास २० मिमी. १८० अंशांत ते २० × ३.१४ ÷ २, म्हणजे सुमारे ३१ मिमी रॅक सरकवतं. एसजी९० या छोट्या सर्व्होचा कमाल जोर ४.८ व्होल्टला सुमारे १.८ किलो-सेमी असतो, म्हणजे १ सेमी त्रिज्येवर १.८ किलो. त्यातला एक तृतीयांशच, म्हणजे ६०० ग्रॅम, वापरण्याजोगा समजा. बाकीचा घर्षणात आणि सुरुवातीच्या झटक्यात जातो.

पिन अडकते याचं कारण बहुधा वाटाड्या भोकाची लांबी. पिनेला धरणारं मार्गदर्शक छिद्र एकाच पातळ पत्र्यात असेल तर पिन तिरकी होणारच. एकमेकांपासून निदान २५-३० मिमी अंतरावर दोन पत्रे ठेवा आणि दोन्हींत छिद्र पाडा. ढिलाई प्रत्येक बाजूला ०.२ मिमी ठेवा, त्रिमितीय छपाईचे भाग असतील तर ०.३. लेझरने कापलेल्या अॅक्रिलिकचं छिद्र एका तोंडाला किंचित रुंद असतं. दोन्ही पत्र्यांची रुंद तोंडं एकाच दिशेला ठेवली की सरळ रेषा साधते.

एसजी९० ची लांबी सुमारे २३ मिमी असते, त्यामुळे सर्व्हो थेट पिनेखाली ठेवून पिना त्याहून जवळ आणता येत नाहीत. जवळ हव्या असतील तर सर्व्हो लांब मांडा आणि हालचाल नळीतल्या तारेने आणा, सायकलच्या ब्रेकसारखी. २ मिमी आतल्या व्यासाची टेफ्लॉन नळी आणि आत १ मिमी पोलादी तार चालते. नळीला ५० मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, नाहीतर पिन जाते आणि घर्षणामुळे पूर्ण परतत नाही.

७. एक सर्व्हो छान चालतो. पंचवीस लावले की बोर्ड रीसेट होतो. कोड चुकलाय का?

कोड नव्हे, वीज. जाम झालेला एसजी९० सुमारे ०.७ अँपिअर खेचतो. पंचवीस एकदम सुरू झाले तर तो क्षणभराचा ओघ १७ अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. व्होल्टेज कोसळतं आणि मायक्रोकंट्रोलर (बोर्डावरचा छोटा संगणक) पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

५ व्होल्ट, १० अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा घ्या. सर्व्होंची वीज मायक्रोकंट्रोलरच्या पिनेतून कधीही नेऊ नका, जमीन-तार (ग्राउंड) मात्र दोघांची एकच हवी. ही तार राहिली की सर्व्हो थरथरतात आणि लोक दिवसभर कोड तपासत बसतात. पीसीए९६८५ हा सर्व्हो चालवणारा बोर्ड वापरत असाल तर एकावर १६ चॅनेल मिळतात, म्हणजे २५ साठी दोन बोर्ड लागतील. प्रत्येक बोर्डाला वीज वेगळी जोडा, एकातून दुसऱ्यात ओढू नका, आणि प्रत्येकावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. शिवाय ओळीओळीने २० मिलिसेकंदांच्या फरकाने हलवा. पाच ओळींना मिळून शंभर मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत, आणि लाट उठल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

याच चिपबद्दल आणखी एक: तिचं आतलं घड्याळ प्रत्येक नगात थोडं वेगळं असतं. सर्व्होला जागा सांगणारी १.५ मिलिसेकंदाची स्पंद मागितली तर नेमकी तेवढीच मिळेल असं नाही. प्रत्येक बोर्डाची वारंवारता एकदा मोजून कोडमध्ये भरा, नाहीतर एका बोर्डाच्या पिना दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर उंच दिसतील.

८. पिना वाढवल्या की हालचाल अडखळत का होते?

संगणकाकडून येणारा डेटा मोजा. ११५२०० बॉडच्या सीरियल जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ११५२० बाइट जातात. १०० पिना आणि प्रत्येकी एक बाइट, तर एका चित्रचौकटीला ९ मिलिसेकंद. ९०० पिनांना तेच ७८ मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला तेराही चौकटी बसत नाहीत. म्हणूनच 'इनफॉर्म'मध्ये सहा-सहा पिनांसाठी एक स्वतंत्र बोर्ड होता आणि संदेश अनेक आरएस-४८५ वाहिन्यांवर वाटले होते.

लहान नमुन्यासाठी सोपी युक्ती अशी: प्रत्येक चौकट पाठवण्याऐवजी 'या पिनेने या उंचीवर एवढ्या वेळात पोहोच' असा संदेश पाठवा आणि मधली हालचाल मायक्रोकंट्रोलरलाच काढू द्या. आकृती तयार करताना राखाडी छटांचं चित्र वापरा, काळा म्हणजे तळ आणि पांढरा म्हणजे पूर्ण उंची. मग कोणत्याही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार रंगवता येतो.

९. वापरणाऱ्याने पिन दाबली हे कसं ओळखायचं?

साध्या छोट्या सर्व्होने ओळखता येत नाही. तो स्वतःची जागा बाहेर सांगत नाही, आणि जोराने दाबला तर त्याचे प्लॅस्टिकचे दाते तुटतात. इथे ध्वनिमिश्रण यंत्रातला मोटर असलेला स्लायडर उपयोगी पडतो. त्यात मोटर पट्ट्याने जोडलेली असते, त्यामुळे हाताने सहज मागे ढकलता येते, आणि त्याचा पोटेन्शिओमीटर सतत जागा सांगत असतो. १०० मिमीच्या स्लायडरवर १०-बिट वाचन घेतलं तर एक पायरी सुमारे ०.१ मिमीची पडते.

नियम असा लिहा: पिनेला हलायला सांगितलेलं नाही, तरी ठरलेल्या जागेपासून ती ३ मिमीपेक्षा जास्त दूर आहे आणि हा फरक १०० मिलिसेकंद टिकून आहे, तर माणसाने ढकललं समजा. हे कळताच मोटर बंद करा. बंद केली नाही तर मोटर आणि बोट यांची रस्सीखेच सुरू होते, आणि वापरणाऱ्याला वाटतं की वस्तू आपल्यावर रागावली आहे. थांबलेल्या पिनेभोवती दोन पायऱ्यांचा मृतपट्टा (मोटर दखल घेणार नाही इतकी ढिलाई) ठेवा, नाहीतर ती जागच्या जागी गुणगुणत राहते.

१०. नायटिनॉल तारेला किती करंट द्यायचा?

तारेचा व्यास ठरला की करंट ठरतो, व्होल्टेज लांबीवर अवलंबून असतं. आकुंचन पावणाऱ्या तयार तारांपैकी ०.१५ मिमी व्यासाची तार सुरुवातीला सोयीची. तिचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम, एका सेकंदात आकुंचन पावायला सुमारे ४१० मिलीअँपिअर, आणि ओढ सुमारे ३२० ग्रॅम.

२० सेमी तार घेतली तर रोध ११ ओहम. ५ व्होल्ट थेट दिले तर ४५५ मिलीअँपिअर वाहतो, म्हणजे जास्त. पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करणं) ८० टक्क्यांवर ठेवलं की उष्णता ४१० मिलीअँपिअरएवढी होते. आकुंचन लांबीच्या ४ टक्के धरलं तर हालचाल ८ मिमी मिळते. एवढ्याशा हालचालीवर समाधान नसेल तर तरफ लावा: चौपट लांब बाजू घेतली की ३२ मिमी मिळतात, पण ओढ ८० ग्रॅमवर येते.

परत येण्याचं गणित आता करा. तार फक्त ओढते, ढकलत नाही. थंड झाल्यावर तिला पुन्हा ताणायला कुणीतरी हवं, आणि या व्यासाला त्यासाठी सुमारे १३० ग्रॅम जोर लागतो. तेवढ्या जोराची स्प्रिंग किंवा रबर लावलं नाही तर तार एकदाच ओढेल आणि मग ढिली पडून राहील. ७० अंश सेल्सियसला चालणारी ही तार मोकळ्या हवेत सुमारे दोन सेकंदांत थंड होते, ०.२५ मिमीची मात्र पाच सेकंदांहून जास्त घेते. जास्त ओढ हवी म्हणून जाड तार घेण्यापेक्षा दोन बारीक तारा समांतर लावणं म्हणून शहाणपणाचं. स्विचसाठी ५ व्होल्टवर पूर्ण चालू होणारा मॉसफेट घ्या, त्याचं गेट (नियंत्रणाचं टोक) १० किलोओहमच्या रोधातून जमिनीकडे जोडा, म्हणजे बोर्ड सुरू होतानाच्या क्षणी तार आपोआप तापणार नाही.

११. तार पहिल्या दिवशी ओढत होती, आठवड्याने निम्मीच ओढते. आणि तिला सोल्डर का धरत नाही?

ओढ कमी होण्याची कारणं दोन. आकुंचनानंतरही पूर्ण करंट चालू ठेवला असेल तर तार जास्त तापून तिची स्मृती बिघडते. हालचाल पूर्ण झाली की फक्त धरून ठेवण्यापुरता करंट उरवा. दुसरं कारण जास्त ताण. रोज शेकडो वेळा चालणाऱ्या नमुन्यात ३ टक्क्यांवर थांबा, ५ टक्के फक्त प्रदर्शनापुरते. हालचाल कुठे अडली तर तारेला तोडण्याऐवजी ताण घेणारी छोटी स्प्रिंग मध्ये असू द्या.

सोल्डर धरत नाही कारण पृष्ठभागावर टायटॅनियमचा ऑक्साइड असतो. टोकाला गाठ मारा, पितळी नळीत किंवा रिंग-टर्मिनलमध्ये घाला आणि पक्कडीने चेपा. गाठ नसेल तर तार आकुंचन पावताना चेपणीतून हळूच निसटते, आणि दोष तारेला दिला जातो.

१२. हवेवर चालणारं करायचं आहे. सिलिकॉन ओतू की कापड चिकटवू?

सपाट वस्तू वाकवायची, घडी पाडायची असेल तर टीपीयूचा (उष्णतेने चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचा) लेप असलेलं नायलॉन कापड. बोटांना मऊ लागणारा, उठणारा फुगवटा हवा असेल तर सिलिकॉन.

कापडाची कृती झटपट आहे. लेपाच्या बाजू समोरासमोर ठेवा. जिथे हवा खेळायला हवी त्या जागेच्या आकाराचा बेकिंगचा कागद कापून मध्ये ठेवा. तो आतच राहतो. वरूनही बेकिंगचा कागद पसरून इस्त्री फिरवा. इस्त्रीचं तापमान तुकड्यावर ठरवा: ओढल्यावर जोड उलगडला तर उष्णता कमी, कापड आखडलं तर जास्त. चिकटलेली कड ६ मिमीपेक्षा अरुंद ठेवू नका. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातूनच जोड उसवायला लागतो.

सिलिकॉनसाठी इकोफ्लेक्स ००-३० प्रकारचं दोन भागांचं मिश्रण घेतलं तर प्रमाण १:१, काम करायला ४५ मिनिटं, घट्ट व्हायला साधारण ४ तास. साच्यात हवेच्या कप्प्यांचा वरचा भाग ओतून घ्या. तळाचा भाग वेगळा, त्यात एक साधा कागद किंवा कापड बुडवा. कागद ताणला जात नाही, वरचा भाग ताणला जातो, म्हणून वस्तू कागदाच्या बाजूला वाकते. दोन्ही जोडताना ताज्या सिलिकॉनचा थर १ मिमीच्या आत ठेवा, जाड थर कप्प्यांत शिरून हवेचे रस्ते बुजवतो.

१३. सिलिकॉन दुसऱ्या दिवशीही चिकटच आहे. आणखी थांबू का?

थांबून उपयोग नाही. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन यांच्या संपर्कात घट्टच होत नाही. लेटेक्सचे हातमोजे, गंधक असलेली मूर्तिकामाची माती आणि रेझिनच्या त्रिमितीय छपाईचे साचे हे नेहमीचे गुन्हेगार. विनाइलचे हातमोजे घाला, साचा पीएलए प्लॅस्टिकचा छापा. सगळीकडे चिकट असेल तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलंय; फक्त साच्याला लागलेला पृष्ठभाग चिकट असेल तर साचा दोषी. यावरून कारण लगेच कळतं.

१४. एकाच दाबावर फुगा कधी लहान, कधी मोठा का होतो? सेन्सर तर बरोबर आहे.

सेन्सर बरोबरच आहे, नियंत्रण चुकीच्या राशीवर बांधलंय. रबरी फुगा फुगवताना दाब आधी चढतो, एका टोकाला पोहोचतो आणि फुगा मोठा होत असताना पुन्हा उतरतो. फुगवणाऱ्याला हे तोंडाला जाणवतंच: पहिली फुंकर सर्वांत जड. म्हणजे एकाच दाबाला दोन आकारमानं शक्य आहेत. दोन सारखे फुगे एका नळीवर जोडले तर लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो, सारखे राहत नाहीत. तुमच्या एका पंपावरच्या चार 'सारख्या' बटणांपैकी एकच टरारून फुगत असेल तर हेच घडतंय.

उपाय तीन. हवेचं आकारमान मोजून द्या, म्हणजे स्टेपर मोटरने ढकललेली सिरिंज. किंवा फुगवट्याला न ताणणाऱ्या कापडाची मर्यादा घाला. किंवा प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. कापडी पिशव्यांना (प्रश्न १२) हा त्रास होत नाही, तिथे दाबावर नियंत्रण चालतं. एमपीएक्स५१०० प्रकारचा सेन्सर ० ते १०० किलोपास्कल मोजतो, ५ व्होल्टवर शून्य दाबाला ०.२ व्होल्ट देतो आणि पुढे दर किलोपास्कलला ४५ मिलिव्होल्ट. पहिल्या चाचणीत ५ किलोपास्कलच्या टप्प्यांनी चढा.

व्हॉल्व्ह तीन तोंडांचा घ्या. दोन तोंडांच्या व्हॉल्व्हने हवा भरते, पण बाहेर सोडायला दुसरा व्हॉल्व्ह लागतो. नुसती सोडलेली हवा हळू जाते, शेवटची तर जातच नाही. वस्तू चापट व्हायला हवी असेल तर पंपाचं शोषणाचं तोंड वापरून ओढून काढा. आणि व्हॉल्व्हच्या वेटोळ्यावर उलटा डायोड विसरू नका.

१५. मऊचं कडक करणारं जॅमिंग म्हणजे काय, आणि घरच्या पंपाने होतं का?

होतं. फुग्यात दळलेली कॉफी भरा, तोंडाशी कापडाची गाळणी लावा म्हणजे पूड नळीत जाणार नाही, आणि हवा ओढा. कण एकमेकांत अडकतात आणि पिशवी विटेसारखी होते. ओलसर कॉफी चालत नाही, गोळे होतात. फार ठासून भरलीत तर हवा परत आत सोडल्यावरही ती मऊ होत नाही. मुठीत सहज दबेल इतपतच भरा.

पातळ वस्तूसाठी कण नव्हे, कागदाचे थर. २० कागद सुटे असताना वीस सुट्या कागदांइतकेच कडक असतात. हवा ओढून एकमेकांना घट्ट चिकटले की एकाच जाड पट्टीसारखे वागतात. सुट्या थरांचा कडकपणा थरांच्या संख्येने वाढतो, चिकटलेल्यांचा तिच्या घनाने. म्हणून वीस थरांना सिद्धांतात चारशेपट फरक मिळायला हवा. प्रत्यक्षात कागद सरकू लागले की तो कोसळतो, म्हणून खरखरीत कागद बरा. या प्रकारात दाबातला फरक वातावरणाच्या दाबापेक्षा, म्हणजे सुमारे १०० किलोपास्कलपेक्षा, जास्त होऊच शकत नाही. मोठा पंप घेऊन फायदा नाही, पिशवीची गळती बुजवा.

१६. पिना किती जवळ ठेवल्या की पृष्ठभाग सलग वाटेल?

बोटाला सलग वाटायला फार जवळ. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात, आणि ब्रेलचे ठिपकेही सुमारे २.५ मिमीवर असतात. हायपरब्रेल या स्पर्शपटलावर तेवढ्या अंतराने ६०×१२० अशा ७२०० पिना आहेत, पण त्या फक्त किंचित उठतात. उंच उठणाऱ्या पिना हाताने बनवताना हे शक्य नाही. १२ ते १५ मिमी अंतर धरा आणि वर ताणणारं लायक्रा कापड घाला. कापड टोकांवर उतार तयार करतं आणि डोळा बाकीचं जुळवून घेतो. मात्र कापडाला दोन्ही दिशांना ताण हवा. एकाच दिशेला ताणलं तर पिन उतरल्यावर तिथे पोकळ फुगा राहतो, आणि महिन्याभरात कापड झोळीसारखं लोंबतं. कापडाचा ताणसुद्धा सर्व्होवरचा भार आहे, प्रश्न ६ मधल्या ६०० ग्रॅममधून तो वजा करा.

१७. बोट अडकण्याची भीती आहे. किती जागा सोडायची?

हलत्या दोन भागांतली फट कमीत कमी झाली तरी बोट चेंगरू नये म्हणून आयएसओ १३८५४ हे मानक २५ मिमी अंतर सांगतं. एवढी जागा नसेल तर उलट करा: फट ४ मिमीच्या आत ठेवा, म्हणजे बोट जातच नाही. मधली अंतरं सर्वांत वाईट. पिना उतरताना धोका चढतानाच्या दुप्पट धरा, कारण माणूस उठलेल्या पिनांमध्येच बोट घालतो. म्हणून खाली येण्याचा वेग वर जाण्याच्या निम्मा ठेवा. नायटिनॉल तार त्वचेला लागेल अशा जागी टेफ्लॉन नळीत घाला.

१८. वीज गेली तर आकार काय राहायला हवा?

हे आराखड्यातच ठरवा, नंतर बदलता येत नाही. नायटिनॉल थंड होऊन स्प्रिंगच्या जागी जाते. हवेची वस्तू व्हॉल्व्हच्या प्रकारावर अवलंबून: वीज नसताना बंद राहणारा व्हॉल्व्ह आकार धरून ठेवतो, उघडा राहणारा सोडतो. रॅक-पिनियनची पिन हलकी असेल तर गिअरच्या घर्षणावर उभी राहते, जड असेल तर हळूहळू घसरते. मळसूत्री दांडा लावला तर कुठेही थांबते, पण मग माणसाला ती हाताने दाबता येत नाही आणि प्रश्न ९ मधलं सगळं बाद होतं.

वीज परत आल्यावर काय होतं हेही तपासा. सर्व्होला आधीची जागा आठवत नाही. पहिली स्पंद मिळताच तो पूर्ण वेगाने तिथे झेपावतो. शेवटच्या जागा मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) जपून ठेवा आणि सुरुवातीची पहिली स्पंद त्याच जागेची पाठवा. दर चौकटीला लिहू नका, ईईप्रॉमची साधारण एक लाख लेखनांची मर्यादा सेकंदाला तीस वेळा लिहून तासाभरात संपते. हालचाल थांबल्यावर एकदा लिहिलं की पुरतं.